आपल्या गल्लीत कलेची जागा उभारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात रावपुऱ्याच्या मागच्या बाजूला, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर आणि घराच्या आतल्या चौकात आम्ही काही जण मिळून एक जागा चालवतो. कुणीही यावं, चित्र काढावं, माती मळावी, गाणं ऐकावं, नाहीतर नुसतं बसावं. दुसऱ्या मोहल्ल्यांतली, कधी सुरत-अहमदाबादची माणसं बघायला येतात आणि तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो आहोत.

बडोद्यात फाइन आर्ट्स आहे, म्युझियम आहे, कीर्ती मंदिर आहे. मग गल्लीत आणखी एक जागा कशाला?

आहे, आणि त्याचा आम्हाला मनापासून अभिमान आहे. सयाजीराव महाराजांनी राजा रवि वर्म्यांकडून इथे चित्रं काढून घेतली. कमाटी बागेतलं म्युझियम 1894 चं. नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात कीर्ती मंदिराच्या, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकाच्या, भिंती रंगवल्या. 1950 मध्ये फाइन आर्ट्सची फॅकल्टी सुरू झाली आणि मूळचे इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे इथे शिकवायला आले. भूपेन खख्खर चार्टर्ड अकाउंटंट होते. हिशेबाचं काम सांभाळत याच शहरात चित्रकार झाले.

पण खंडेराव मार्केटमधून भाजी घेऊन निघालेली बाई पिशवीसकट एखाद्या प्रदर्शनात शिरते का? नाही शिरत. तिला कुणी अडवत नाही, तिचं तिलाच वाटतं, "आपलं तिथे काय काम?" हा विचार ज्या दारात मनात येत नाही, असं एक दार घरापासून चालत पाच मिनिटांवर हवं. ते मोठ्या संस्थांचं काम नाही, गल्लीचं आहे.

हातात रिकामी जागा आहे, पैसे थोडे आहेत. सुरुवात कुठून करू?

ओट्यापासून. बहुतेक जण सुरुवात भिंतीपासून करतात: पांढरा रंग, लाइटची पट्टी, चित्रं टांगायची तार. आम्हीही तेच केलं होतं. पहिले दोन महिने आमच्याकडे फक्त आमचेच मित्र येत होते.

बडोद्याच्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या दाटीच्या गल्ल्यांमध्ये, घर आणि रस्ता यांच्यामध्ये ओटा असतो, गुजरातीत ओटलो. तो धड घरचा नाही, धड रस्त्याचा नाही. तिथे बसायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि बसलेल्याला कुणी "काय पाहिजे?" असं विचारत नाही. आम्ही दाराबाहेर दोन्ही बाजूंना ओटा बांधून घेतला. बसायची उंची 42 सेंटीमीटर, खोली 50, आणि एका टोकाला मुलांसाठी 30 सेंटीमीटरची पायरी. वर पत्र्याऐवजी कौलं, कारण पत्रा एप्रिलपासून तापतो. ओट्याशेजारी पाण्याची दोन माठं ठेवली. गुजरातीत परब म्हणतात, आपल्याकडे पाणपोई.

समोरच्या गल्लीतल्या एक आजी रोज संध्याकाळी देवळातून परतताना तिथे टेकायच्या. पाणी प्यायच्या, आत बघायच्या, निघून जायच्या. असे तीन आठवडे गेले. एक दिवस आत मुली रांगोळीचा सराव करत होत्या आणि ठिपके तिरके पडत होते. आजींना ते बघवेना. त्या आत आल्या, खाली बसल्या आणि चिमटीतून रेघ कशी सोडायची ते दाखवू लागल्या. आता दर गुरुवारचा रांगोळीचा वर्ग त्यांचा आहे. ओटा नसता तर त्या आल्या नसत्या, हे मी खात्रीने सांगते.

ओटा बांधताना एकच काळजी: तो आपल्याच हद्दीत बसवा. गल्लीची रुंदी खाल्लीत तर शेजारी रागावतील आणि महानगरपालिकेची नोटीस येईल, आणि दोन्ही बरोबरच असेल.

आतली फरशी कुठली घ्यावी?

घाण झाली तरी चालेल अशी. आम्ही आधी चकचकीत पांढऱ्या टाइल्स टाकल्या होत्या. मुलं दारात चपला काढून, पावलं जवळ जवळ घेऊन उभी राहायची. दवाखान्यात राहतात तशी. एका मुलाच्या हातून निळ्या रंगाचा डबा सांडला तर तो रडायलाच लागला. कुणी त्याला एक शब्द बोललं नव्हतं. फरशीच त्याला ओरडली होती.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत टाइल्स काढल्या आणि खरबरीत कोटा दगड बसवला. कोट्यावर रंगाचे डाग पडतात आणि छान दिसतात. चौकातून आतल्या खोलीत जाताना फरशीला किंचित उतार ठेवा, म्हणजे बादलीभर पाण्याने धुता येते. पॉलिश करून घेऊ नका, ओल्या पायांनी माणसं घसरतात.

दारात नोंदवही आणि रखवालदार ठेवावा का?

नोंदवही ठेवू नका. नाव, पत्ता, मोबाइल नंबर, येण्याचं कारण! यायला कारण कशाला लागतं? ज्यांना लिहिता येत नाही ते तर त्या वहीकडे बघूनच परत फिरतात. किती माणसं आली हे मोजायचं असेल तर बरणीत चिंचोके टाका. आम्ही तसंच करतो, आणि आता चिंचोका टाकायला मुलांची भांडणं होतात.

रखवालदारापेक्षा रोज ठरावीक वेळी जागेवर असणारं एक माणूस हवं. ओट्याकडे तोंड करून बसणारं, आपणहून "या" म्हणणारं. शक्य असेल तर त्या माणसाला पगार द्या. सेवाभावावर वर्षभर दार उघडं राहत नाही.

जुन्या घराला तीन पायऱ्या आहेत. व्हीलचेअरचं काय करायचं?

उतार करायचा, आणि तो नंतर बघू म्हणून सोडायचा नाही. सार्वजनिक वापराच्या इमारतीत दिव्यांगांना सहज जाता आलं पाहिजे, हे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातच आहे. हिशेब सोपा आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. जोतं दीड फुटाचं असेल तर उतार अठरा फुटांचा. गल्लीत तेवढी जागा मिळत नाही आणि कंत्राटदार सरळ सहा-सात फुटांत उरकून टाकतो. आमच्याकडेही तसंच झालं होतं. त्या उतारावरून व्हीलचेअर वर ढकलायला दोन माणसं लागायची आणि उतरताना ती सुटायची भीती. तो फोडावा लागला.

मग आम्ही बाजूच्या बोळातून उतार आत घेतला, मध्ये पाच फुटांचा सपाट थांबा दिला आणि तिथून तो चौकाकडे वळवला. दाराची मोकळी रुंदी 90 सेंटीमीटर, आत खुर्ची पूर्ण वळायला पाच फुटांचा मोकळा गोल. उंबरा काढावा लागला. घरातल्या मोठ्यांना ते जड गेलं, कारण उंबऱ्याची आपल्याकडे पूजा होते. शेवटी त्याच लाकडाची चौकट करून ती दाराच्या वर बसवली आणि लक्ष्मीची पावलं आता उतारावर काढतो.

हा उतार सगळ्यात जास्त कोण वापरतं? बाबागाडी घेऊन येणाऱ्या आया, गुडघेदुखीचे आजोबा आणि तबल्याची जोडी उचलून आणणारी मुलं.

शौचालय इतकं महत्त्वाचं आहे का?

हो. स्वच्छ, आतून कडी लागणारं, उजेड आणि पाणी असलेलं शौचालय नसेल तर बायका अर्ध्या तासाच्या वर थांबत नाहीत. गॅलरीच्या दिव्यांआधी तिथे खर्च करा.

पाट्या कुठल्या भाषेत लावाव्यात?

वर गुजराती, मग मराठी आणि हिंदी. काही मराठी मंडळींना मराठी दुसऱ्या नंबरवर गेल्याचं वाईट वाटलं. पण आपल्याच घरांत बघा: दांडिया बाजारात वाढलेली आपली मुलं घरात मराठी बोलतात आणि लिहायची वेळ आली की गुजराती नाहीतर इंग्रजी लिहितात. पाटी वाचता यावी म्हणून असते. मराठी जपायची तर ती पाटीवर जपण्यापेक्षा वर्गात बोलली गेली पाहिजे. आमच्या मातीच्या वर्गात शिकवणाऱ्या ताई मराठीतून सांगतात, मुलं गुजरातीतून विचारतात आणि कुणाचं काही अडत नाही.

अक्षरं मोठी ठेवा. "स्पर्श करू नये" ही पाटी शक्य तितकी कमी लावा. निदान एक टेबल असं ठेवा जिथे "हात लावून बघा" लिहिलेलं असेल.

उत्तरेचा उजेड चित्रांसाठी उत्तम असं ऐकलं आहे. खिडक्या उत्तरेला काढू का?

काढा, पण पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उचलू नका. उत्तरेचा उजेड शांत आणि दिवसभर सारखा असतो, हे थंड, उत्तरेकडच्या देशांत बरंचसं खरं आहे. बडोदं कर्कवृत्ताच्या दक्षिणेला येतं, साधारण 22.3 अक्षांशावर. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे दुपारी बाराचा सूर्यसुद्धा डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. शिवाय उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळचं ऊन ईशान्येकडून आणि वायव्येकडून तिरकं आत येतं. म्हणून उत्तरेच्या खिडकीलासुद्धा दोन्ही बाजूंनी उभी आडोशाची फळी किंवा बाहेरून बांबूची चिक हवी. चिक आतून लावली तर ऊन अडतं, उष्णता आत येऊन बसते.

चित्रं लावायच्या खोलीत ऊन थेट भिंतीवर पडू देऊ नका. कागदावरची कामं आणि जलरंग उजेडाने फिके पडतात. म्युझियममध्ये त्यांच्यावर 50 लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) आसपासच प्रकाश ठेवतात, तैलरंगांना 200 पर्यंत चालतो. मोबाइलवर मोजता येतं. अगदी अचूक नसलं तरी अंदाज येतो. दिवे घेताना वॅट बघण्याआधी रंग खरे दाखवण्याचा आकडा बघा, सीआरआय 90 च्या वर. स्वस्त एलईडीखाली हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल मेलेला दिसतो.

आणि उंची! चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटीमीटरवर, हा मोठ्यांचा हिशेब झाला. आम्ही एक ओळ मुद्दाम 100 सेंटीमीटरवर लावतो. त्या ओळीपुढे लहान मुलं आणि व्हीलचेअरवरचे काका बराच वेळ रेंगाळतात. मोठ्यांना वाकावं लागतं, आणि वाकलं की माणूस नीट बघतो.

मे महिन्यात कोण येणार?

दुपारी कुणी येत नाही आणि येऊही नये. 42-43 अंशांत जागा उघडी ठेवण्याचा हट्ट कशाला? आम्ही एप्रिल ते जून सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ अशी वेळ ठेवतो. चौक असेल तर तो बुजवू नका, काचेने झाकू तर मुळीच नका. रात्री थंड हवा चौकात उतरते आणि सकाळी दहा-साडेदहापर्यंत टिकते. गच्चीवर फुटक्या पांढऱ्या टाइल्सची चायना मोझेक करून घ्या, खालच्या खोलीत फरक जाणवतो. चौकात झाड लावायचं तर कडुनिंब. त्याची पानं वसंताच्या तोंडावर गळतात आणि खऱ्या उन्हाच्या आत नवी पालवी येते. पिंपळ-वड मोकळ्या मैदानात शोभतात, भिंतीजवळ नको.

आणि झोपाळा. गुजराती घरात असतो, आपल्या घरातही असतो. सावलीत एक झोपाळा टांगा. दुसऱ्या कुठल्याही फर्निचरपेक्षा त्याने माणसं जास्त थांबतात.

बाहेरच्या भिंतीवर मोठं चित्र काढायचं आहे. काय काळजी घ्यावी?

आधी भिंत कशाची आहे ते बघा. रावपुऱ्यातला दिवाणांचा तांबेकर वाडा बघून या. 19 व्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली. जुनी भिंत चुन्याची असते आणि चुना श्वास घेतो. जमिनीतला ओलावा भिंतीत चढतो आणि चुन्यातून बाहेर पडतो. त्यावर प्लॅस्टिक पेंट फासला की वाट बंद होते, ओल आत कोंडते, लोणा धरतो आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. आमच्या खालच्या तीन फुटांची हीच गत झाली. सगळं खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा केला. आता तिथे चुन्याच्या निवळीत गेरू, पिवळी माती, काजळी असे खनिज रंग कालवून काढतो. खालचे तीन फूट शक्यतो कोरेच ठेवतो.

नवी सिमेंटची भिंत असेल तर अॅक्रिलिक चालेल, पण गिलावा महिनाभर पुरता वाळू द्या.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. सजावटीला "पिठोरा डिझाइन" काढून द्या, अशी मागणी सारखी येते. छोटा उदेपूरकडच्या राठवा समाजात पिठोरा हे घरातल्या भिंतीवरचं, नवस फेडण्याचं, विधीचं काम आहे. ते शोभेचे घोडे नव्हेत. पिठोरा हवा असेल तर तो काढणाऱ्या राठवा मंडळींनाच बोलवा, त्यांना विचारा काय काढता येईल आणि काय नाही, आणि पूर्ण मोबदला द्या. त्यांनी नाही म्हटलं तर तिथेच थांबा.

माती आणि रंगकामाच्या खोलीत काय काय लागतं?

ही खोली नीट केली नाही तर सगळी जागा त्रास देते. बेसिनमध्ये थेट माती धुऊ नका. शाडूचा गाळ नळीत बसतो आणि प्लास्टर ऑफ पॅरिस तर पाण्याखालीही घट्ट होतं. एका ओळीत तीन बादल्या ठेवा: पहिल्या दोन्हींत हात धुवायचे, तिसरीत खळबळायचे. गाळ खाली बसला की वरचं पाणी झाडांना आणि गाळ पुन्हा मातीच्या पिंपात. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात आमच्याकडे शाडूच्या मूर्ती होतात, तेव्हा या बादल्यांमुळेच मोरी वाचते.

सुकलेली माती केरसुणीने झाडायची नाही, ओल्या फडक्यानेच पुसायची. तिची बारीक धूळ छातीत जाते, आणि ती वाईट. तैलरंगाला टर्पेंटाइन लागतं, म्हणून मुलांच्या वर्गात तैलरंग नकोच. मोठ्यांसाठी ठेवलात तर समोरासमोर खिडक्या हव्यात. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

गाण्याचा, तबल्याचा आवाज शेजाऱ्यांना होतो.

होणारच. मौलाबक्षांनी 1886 मध्ये गायनशाळा सुरू केलेलं हे शहर, इथे गाणं नको असं कुणी म्हणत नाही. अवेळी नको म्हणतात. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर नाही, हा नियम तर देशभर आहे. आम्ही साडेआठलाच थांबतो, नवरात्रीचे दिवस सोडून.

खोली घुमत असेल तर महागडे फोम लावण्याआधी गोधड्या लावा. मोहल्ल्यातल्या बायकांनी शिवलेल्या जाड गोधड्या मागच्या भिंतीवर, भिंतीपासून चार बोटं पुढे टांगल्या. घुमारा पुष्कळ कमी झाला, बोल स्वच्छ ऐकू येऊ लागले. डग्ग्याचा घुमार मात्र गोधडीने अडत नाही. त्यासाठी तबल्याचा वर्ग शेजारच्या भिंतीपासून दूरच्या खोलीत हलवला.

प्रवेश फी ठेवायची का? नोंदणी?

प्रवेश फुकटच ठेवा. वर्गांना थोडी फी, सामानाचा खर्च वेगळा, आणि ज्याला परवडत नाही त्याने फक्त आम्हाला सांगायचं. ते बाहेर जात नाही. देणग्या घ्यायच्या तर ट्रस्ट नोंदवून घ्या, पुढे आयकर खात्याकडे ट्रस्टच्या आणि देणगीदारांच्या करसवलतीची नोंदणी लागेल. चांगला सीए गाठा.

मोहल्ल्यातले काही लोक विरोध करतात. काय करावं?

ऐकून घ्या. आमच्याकडे विरोध तीन गोष्टींना होता: स्कूटरी, गोंगाट, आणि "मुली रात्रीपर्यंत इथे काय करतात". स्कूटरी गल्लीच्या तोंडाशी लावायचं ठरवलं आणि आम्ही स्वतः ते पाळलं. तिसऱ्या गोष्टीवर वाद घातला नाही. ज्या काकांचा सगळ्यात जास्त विरोध होता त्यांना रविवारी सेव-उसळ खायला बोलावलं आणि मुलींनाच त्यांना काम दाखवू दिलं. त्यांना सुतारकाम येतं हे तेव्हा कळलं. आमचे सगळे ईझल, म्हणजे चित्र काढताना कॅनव्हास टेकवायचे स्टँड, त्यांच्या हातचे आहेत.

विश्वामित्रीला पूर आला तर?

आला तर नव्हे, येतोच असं धरून बांधा. 2019 च्या जुलैअखेरीस आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये शहराने बघितलं आहे. आमच्या चौकात पाणी रस्त्यावरून आलंच नाही, मोरीतून उलटं वर आलं. आता मोरीच्या पाइपला एकाच दिशेने उघडणारी झडप बसवली आहे. विजेची बटणं आणि प्लग जमिनीपासून चार फुटांवर, मेन बोर्ड त्याहून वर. जमिनीवर कागद, कॅनव्हास, पुठ्ठा काही म्हणजे काही ठेवायचं नाही. सगळं माळ्यावर, आणि माळ्याची शिडी कायम जागेवर. कपाटं प्लायची नकोत, लोखंडी मांडणी बरी.

चित्रं भिजलीच तर घाई करू नका आणि उशीरही करू नका. बुरशी दोन दिवसांत धरते. एकमेकांना चिकटलेले कागद ओढून सोडवायचे नाहीत. गठ्ठा तसाच उचलून सपाट फळीवर घ्या, जे आपणहून सुटतील तेवढेच वेगळे करा, मध्ये कोरा, शाई नसलेला कागद घाला आणि सावलीत पंख्याखाली ठेवा. मधला कागद ओला झाला की बदला. उन्हात टाकलेला कागद वाकतो आणि रंग उडतो. वर्तमानपत्र मध्ये घालू नका, त्याची शाई उतरते. 2024 मध्ये आमच्याकडे बालवर्गाच्या चित्रांचा एक गठ्ठा खालच्या फळीवर राहिला होता. दोन रात्री पाळीपाळीने जागून कागद बदलले. एक्केचाळीसपैकी अडतीस चित्रं वाचली. ज्या तिघांची गेली त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, आणि तिघांनीही दुसऱ्या दिवशी येऊन नवी काढली.